पाऊल का लोंबतं? फूट ड्रॉपवर संशोधन करायचं असेल तर आधी हे समजून घ्या



संशोधनाची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या प्रपोजलमध्ये एक विषय वारंवार दिसतो. ‘फूट ड्रॉपच्या रुग्णांमध्ये अमुक व्यायामाचा परिणाम’ किंवा ‘फूट ड्रॉपवर विद्युत उत्तेजनाचा उपयोग’. विषय चांगलाच आहे. पण गाईडचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘फूट ड्रॉप कशामुळे झालेला?’ आणि बऱ्याच जणांची गाडी इथेच अडते.

कारण फूट ड्रॉप हा आजार नाही, ते लक्षण आहे. ताप जसा मलेरियानेही येतो आणि टायफॉइडनेही, तसं पाऊल लोंबण्यामागे मेंदूपासून नडगीच्या स्नायूपर्यंत कुठलीही बिघाडाची जागा असू शकते. ‘तापावर अमुक गोळीचा परिणाम’ असा अभ्यास तुम्ही करणार नाही. मग फूट ड्रॉपबाबत तो का करायचा? आजच्या लेखात आपण ही जागा कशी शोधायची ते टप्प्याटप्प्याने बघू, आणि शेवटी त्याचा तुमच्या प्रपोजलशी संबंध जोडू.

नेमकं काय बिघडतं?

उभे राहा आणि चार पावलं सावकाश चालून बघा. मागचा पाय पुढे येताना पावलाचा पुढचा भाग वर उचलला जातो, म्हणून बोटं जमिनीला घासत नाहीत. हे काम मुख्यतः नडगीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूचा स्नायू करतो. त्याचं नाव टिबियालिस अँटिरियर. याच स्नायूचं दुसरं काम विद्यार्थी हमखास विसरतात. टाच जमिनीला टेकल्यावर पाऊल हळूहळू खाली ठेवायचं, हेही तोच करतो.

त्यामुळे हा स्नायू अशक्त झाला की दोन गोष्टी दिसतात. थोडा अशक्तपणा असेल तर पाऊल ‘फट’ असा आवाज करत जमिनीवर आपटतं. जास्त असेल तर बोटं घासू नयेत म्हणून माणूस गुडघा उंच उचलून चालतो, जणू प्रत्येक पावलाला एक पायरी चढतोय. रुग्ण स्वतः सांगतात ते वेगळंच असतं: ‘चप्पल पायातून निसटते’, ‘उंबऱ्याला अडखळतो’. तुमच्या प्रश्नावलीत हे शब्द असायला हवेत. ‘तुम्हाला डॉर्सिफ्लेक्शनला त्रास होतो का?’ या प्रश्नाला कोणीही उत्तर देणार नाही.

रस्ता आणि त्यावरची स्टेशनं

आता आदेशाचा रस्ता बघू. मेंदूतून आदेश निघतो, मज्जारज्जूतून खाली येतो आणि कमरेच्या मणक्यांपाशी एल४ आणि एल५ या नसांच्या मुळांतून बाहेर पडतो. तिथून तो नसांच्या जाळ्यातून सायॅटिक नसेत जातो. ही नस कुल्ल्यातून मांडीच्या मागच्या बाजूने खाली येते आणि गुडघ्याच्या वर दोन भागांत विभागते. एक भाग टिबियल नस. ती पोटरीत आणि तळव्यात जाते. दुसरा भाग कॉमन पेरोनिअल नस. ती गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने वळसा घालून नडगीच्या पुढच्या भागात येते.

प्रत्येक स्टेशनवर बिघाडाची कारणं वेगळी:

- मेंदू आणि मज्जारज्जू: पक्षाघात, गाठ, मज्जारज्जूवरचा दाब. इथे पाय ढिला न पडता सहसा ताठर होतो, घोट्याचा झटका वाढतो.
- मज्जारज्जूतल्या चेतापेशी: पोलिओ, मोटर न्यूरॉन डिसीज. संवेदना शाबूत राहतात.
- नसेचं मूळ: मणक्यांमधली गादी सरकून एल५ मुळावर येणारा दाब. कमरेतून पायात उतरणारी कळ बहुधा सोबत असते.
- सायॅटिक नस: खुब्याचं हाड निखळणं, खुब्याची शस्त्रक्रिया, कुल्ल्यावर चुकीच्या जागी दिलेलं इंजेक्शन.
- कॉमन पेरोनिअल नस: गुडघ्याजवळचा दाब किंवा मार, कुष्ठरोग.
- सगळ्याच नसा: मधुमेह, गीयाँ-बारे सिंड्रोम, आनुवंशिक शार्को-मारी-टूथ आजार. यांत बहुधा दोन्ही पाय कमी-जास्त प्रमाणात बाधित असतात.
- स्नायू: काही स्नायूविकार थेट नडगीच्या स्नायूंपासूनच सुरू होतात.

एक धोक्याची सूचना इथेच देतो. पाऊल लोंबण्यासोबत लघवी-संडासवरचा ताबा गेला असेल किंवा बैठकीच्या जागी बधिरपणा असेल, तर ती तातडीची शस्त्रक्रिया लागू शकणारी परिस्थिती आहे. असा माणूस तुमच्या अभ्यासाचा ‘सब्जेक्ट’ नाही. त्याला त्याच क्षणी इमर्जन्सी विभागात पाठवायचं.

गुडघ्याजवळची नाजूक जागा

गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, थोडं खाली, हाताला एक गोल हाड लागतं. ते फिब्युलाचं डोकं. त्याच्या लगेच खाली, हाडाच्या मानेभोवती ही नस वळसा घालते. तिच्यावर फक्त कातडी आणि थोडी चरबी. एका बाजूला कठीण हाड, दुसऱ्या बाजूला जे काही टेकेल ते.

म्हणून इथे नस दबायला मोठा अपघात लागत नाही. तासन् तास पायावर पाय टाकून बसणं, घट्ट प्लास्टर, भूल दिलेली असताना किंवा बेशुद्धावस्थेत पाय एका कुशीवर पडून राहणं, एवढं पुरतं. झपाट्याने वजन घटलेल्या लोकांत हा प्रकार जास्त दिसतो, कारण नसेवरची चरबीची गादी पातळ होते. फार वेळ उकिडवं बसून काम करणाऱ्यांतही तो वर्णन केला गेला आहे. गुडघा पूर्ण दुमडला की नस ताणली आणि दाबली जाते. आपल्याकडे खुरपणी करणाऱ्या बायका, फरशी बसवणारे कारागीर दिवसभर कसे बसतात ते डोळ्यांसमोर आणा. व्यवसायाचा इतिहास विचारताना ‘शेती’ एवढंच लिहून थांबू नका. काम बसून, वाकून की उभ्याने, आणि सलग किती वेळ, हेही लिहा.

मणका की गुडघा?

व्यवहारात सगळ्यात जास्त गोंधळ या दोघांत होतो, एल५ मूळ आणि पेरोनिअल नस. दोन्हींत पाऊल वर उचलता येत नाही. दोन्हींत पावलाच्या वरच्या भागाला बधिरपणा येऊ शकतो. मग ओळखायचं कसं?

युक्ती साधी आहे. असे स्नायू शोधा, जे एल५ मधून येतात पण पेरोनिअल नसेतून जात नाहीत.

पहिला, पाऊल आत वळवणारा टिबियालिस पोस्टिरियर. त्याला एल५ मुळातून तंतू मिळतात, पण ते टिबियल नसेतून येतात. दुसरा, एका कुशीवर झोपून वरचा पाय बाजूला उचलणारा कुल्ल्याचा स्नायू. त्याची नस सायॅटिकच्याही आधी वेगळी झालेली असते. हे दोन्ही स्नायू चांगले असतील आणि फक्त पाऊल वर उचलणं व बाहेर वळवणं बंद असेल, तर संशय गुडघ्याकडे जातो. दोन्ही अशक्त असतील तर वर, मणक्याकडे.

एक बारकावा लक्षात ठेवा. लोंबलेल्या पावलाची आत वळवण्याची ताकद तशीच तपासली तर ती खोटीच कमी भासते. आधी आपल्या हाताने पाऊल काटकोनात धरा, मग तपासा. तुमच्या अभ्यासात दोन परीक्षक असतील आणि एकाने हे केलं, दुसऱ्याने नाही केलं, तर दोघांचे आकडे जुळणार नाहीत. म्हणून ही पद्धत प्रोटोकॉलमध्ये लिहूनच ठेवा.

मग नर्व्ह कंडक्शनची तपासणी. संवेदनेच्या तंतूची पेशी मज्जारज्जूच्या बाहेर, मुळावरच्या एका गाठीत असते. सरकलेली गादी बहुधा या गाठीच्या आतल्या बाजूला दाब देते. म्हणजे पेशी आणि तिच्यापासून पायाकडे गेलेला तंतू जिवंतच असतो. म्हणून रुग्णाला बधिरपणा जाणवत असूनही, पायावर मोजलेला संवेदनेचा सिग्नल नॉर्मल येतो! गुडघ्याजवळ पेरोनिअल नसेचे तंतूच तुटले असतील तर तोच सिग्नल घटतो. पण तिथे फक्त तंतूंवरचं आवरण खराब झालं असेल आणि तंतू शाबूत असतील, तर गुडघ्याच्या खाली मोजलेला सिग्नल नॉर्मल राहू शकतो. म्हणजे ‘सिग्नल नॉर्मल, म्हणून मणकाच’ असं एका ओळीत ठरवता येत नाही. गुडघ्याच्या वरून आणि खालून, दोन्हीकडून उत्तेजना देऊन फरक बघावा लागतो.

सायॅटिक नसेचा बिघाड वेगळा काढायचा असेल तर ईएमजीत एक स्नायू हमखास तपासतात, बायसेप्स फेमोरिसचं आखूड डोकं. सायॅटिकच्या पेरोनिअल भागातून शाखा मिळणारा हा मांडीतला एकमेव स्नायू. तो बाधित असेल तर बिघाड गुडघ्याच्या वर आहे.

आणि एमआरआय? इथे सावध राहा. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका पद्धतशीर आढाव्यात, कसलाही त्रास नसलेल्या ३,११० लोकांच्या मणक्यांच्या चित्रणांचे अभ्यास एकत्र केले गेले. फुगलेली गादी विशीतल्या सुमारे ३० टक्के आणि ऐंशीतल्या सुमारे ८४ टक्के लोकांत होती. हे सगळे धडधाकट! तेव्हा पन्नाशीतल्या माणसाचं पाऊल लोंबतंय आणि एमआरआयमध्ये गादी फुगलेली दिसतेय, म्हणजे कारण सापडलं असं होत नाही. नस गुडघ्याजवळ दबलेली असताना ऑपरेशन कमरेचं झालं, तर पाऊल जिथल्या तिथेच राहणार.

घड्याळ: दिवसाला एक मिलिमीटर

इंग्रज शास्त्रज्ञ ऑगस्टस वॉलर याने १८५० मध्ये बेडकाच्या जिभेच्या नसा कापून दाखवलं, की कापलेल्या जागेच्या पलीकडचा तंतू विघटित होत जातो. पुढे १९४३ मध्ये, युद्धातल्या जखमींवर उपचार करणाऱ्या हर्बर्ट सेडन यांनी नसेच्या इजेचे तीन प्रकार मांडले. न्यूरॅप्रॅक्सिया म्हणजे तंतू शाबूत, पण संदेश अडलेला. हा आठवड्यांत किंवा काही महिन्यांत सुधारतो. अ‍ॅक्सोनोटमेसिस म्हणजे तंतू तुटलेला, पण त्याची बाहेरची नळी शिल्लक. तंतू त्या नळीतून पुन्हा वाढू शकतो. न्यूरोटमेसिस म्हणजे सगळंच तुटलेलं. शस्त्रक्रियेशिवाय आशा नाही.

तुटलेला तंतू दिवसाला साधारण १ मिलिमीटर या वेगाने वाढतो. आता गणित करा. फिब्युलाच्या मानेपासून टिबियालिस अँटिरियरपर्यंत ८ ते १० सेंटिमीटर धरले, तर ८० ते १०० दिवस. तीन-साडेतीन महिने. आता इजा कुल्ल्यात झाली आहे असं धरा. मोठ्या माणसात अंतर सुमारे ६० सेंटिमीटर, म्हणजे ६०० दिवस, दीड वर्षाहून जास्त. आणि नसेविना राहिलेला स्नायू साधारण वर्ष-दीड वर्षानंतर नव्या तंतूला प्रतिसाद देण्याच्या अवस्थेत राहत नाही. तंतू पोचेपर्यंत घर बंद झालेलं असतं.

लहान मुलाच्या कुल्ल्यावर दिलेलं एक इंजेक्शन आयुष्यभराचं लंगडणं का देऊ शकतं, ते या हिशोबातून कळतं. मुलाचा पाय आखूड, त्यामुळे अंतर कमी, पण इजा ओळखायलाच सहा महिने गेले तर तो फायदा हातचा जातो. सायॅटिक नसेला इजा झाली तरी त्यातला पेरोनिअल भाग जास्त वेळा बाधित होतो, हेही ध्यानात ठेवा. तो बाहेरच्या बाजूला असतो, त्यात आधार देणारं संयोजी ऊतक कमी असतं, आणि वर कुल्ल्यात व खाली फिब्युलाशी अशा दोन ठिकाणी तो जखडलेला असतो.

तपासणीलाही हेच घड्याळ लागू आहे. तंतू तुटला तरी पहिले काही दिवस त्याचा खालचा तुकडा उत्तेजना दिल्यावर काम करत राहतो. म्हणून तिसऱ्या दिवशी केलेल्या नर्व्ह कंडक्शनवरून न्यूरॅप्रॅक्सिया आणि तुटलेला तंतू यांत फरक करता येत नाही. ईएमजीतले स्नायूची नस गेल्याचे बदल दिसायला तर दोन-तीन आठवडे लागतात. तुमच्या अभ्यासात कोणाची तपासणी तिसऱ्या दिवशी आणि कोणाची तिसाव्या दिवशी झाली असेल, तर ते आकडे एका तक्त्यात मांडून उपयोग नाही.

आपल्याकडे विसरलं जाणारं कारण

परदेशी पाठ्यपुस्तकांत फूट ड्रॉपच्या कारणांत कुष्ठरोग तळाशी सापडतो, कधी सापडतच नाही. आपण त्या यादीची नक्कल करून चालणार नाही. भारताने डिसेंबर २००५ मध्ये सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून कुष्ठरोगाचं निर्मूलन झाल्याचं जाहीर केलं. पण त्याचा अर्थ दर १०,००० लोकसंख्येमागे एकाहून कमी नोंदलेला रुग्ण, इतकाच. रोग संपला असा नाही. महाराष्ट्रात, खास करून विदर्भाच्या काही जिल्ह्यांत, नवे रुग्ण आजही सापडतात.

कुष्ठरोगाच्या जिवाणूला शरीराचे थंड भाग मानवतात. कातडीजवळून जाणाऱ्या नसा थंड असतात, आणि फिब्युलाजवळची पेरोनिअल नस तशीच आहे. म्हणून फूट ड्रॉपच्या प्रत्येक रुग्णात त्या हाडामागे बोट फिरवून नस जाड झालीय का, दुखते का, आणि दोन्ही पायांत फरक आहे का ते बघा. अंगावर बधिर चट्टे शोधा. याला यंत्र लागत नाही, पाच मिनिटं लागतात. नसेची हानी ताजी, साधारण सहा महिन्यांच्या आतली असेल, तर स्टेरॉइडच्या उपचाराने ती भरून निघण्याची शक्यता बरीच असते. नंतर ती कमी होत जाते. मधली वेळ कमरेच्या तपासण्यांत गेली तर नुकसान रुग्णाचं होतं.

उशीर झालाच तर एक चांगली शस्त्रक्रिया आहे. टिबियालिस पोस्टिरियरचा कंडरा आतल्या बाजूने काढून पावलाच्या पुढच्या भागात जोडतात, आणि पाऊल आत वळवणारा स्नायू ते वर उचलायला शिकतो. कुष्ठरोगात हे का जमतं, याचा विचार करा. या रोगात टिबियल नस मुख्यतः घोट्यापाशी बाधित होते, पण टिबियालिस पोस्टिरियरला शाखा त्याच्या बऱ्याच वर, पोटरीतच मिळालेली असते. म्हणून तो स्नायू सशक्त राहतो. एल५ मुळाच्या बिघाडात मात्र तोच स्नायू अशक्त असतो, म्हणजे तिथे उधार घ्यायला काही उरलेलंच नसतं. लक्षण एकच, पण एका रुग्णाला लागू पडणारं ऑपरेशन दुसऱ्याच्या कामाचं नाही.

आता तुमचं प्रपोजल

वरचं सगळं वाचून झालं असेल तर स्वतःच्या प्रपोजलला हे पाच प्रश्न विचारा.

१. कारण कोणतं, आणि ते कसं ठरवलं? विद्युत उत्तेजनाचंच बघा. १९६१ मध्ये लिबरसन आणि सहकाऱ्यांनी पक्षाघाताच्या रुग्णांत पाय पुढे टाकताना पेरोनिअल नसेला उत्तेजना देऊन पाऊल उचलून दाखवलं. ते शक्य झालं, कारण पक्षाघातात बिघाड मेंदूत असतो आणि पायातली नस शाबूत असते. ज्याची नसच तुटली आहे, त्याला ते यंत्र तसं चालणार नाही. दोन्ही प्रकारचे रुग्ण एका गटात घातलेत, तर सरासरी उत्तर दोघांनाही लागू होणार नाही.

२. लक्षण सुरू होऊन किती दिवस झाले? दोन आठवडे आणि दोन वर्षं यांना एकाच गटात ठेवू नका.

३. तुलनेचा गट आहे का? न्यूरॅप्रॅक्सिया आपोआप सुधारतो. तुलनेचा गट नसेल, तर निसर्गाने केलेल्या कामाचं श्रेय तुमच्या व्यायामाला मिळेल.

४. काय मोजणार? स्नायूंच्या ताकदीची ० ते ५ ही श्रेणी ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने १९४३ मध्ये रूढ केली. ती क्रम दाखवते, समान अंतर नाही. ३ आणि ४ मधलं अंतर ४ आणि ५ मधल्या अंतराइतकंच असेल असं नाही, म्हणून ‘सरासरी ताकद ३.४’ असं लिहिताना दोनदा विचार करा. सोबत चालण्याचा वेग, अडखळण्याची आणि पडण्याची नोंद ठेवा. रुग्णाला हवं असतं ते त्यातच दिसतं.

५. तुमच्याकडे कोण येत नाही? शहरातल्या मोठ्या रुग्णालयाच्या मणके विभागात फूट ड्रॉपचे रुग्ण मोजले, तर मणकाच मुख्य कारण निघणार. कुष्ठरोगाच्या केंद्रात मोजले तर कुष्ठरोग. दोन्ही आकडे खरे, पण ‘फूट ड्रॉपचं सर्वांत मोठं कारण’ यांतलं कुठलंच सांगत नाही.

या पाचही प्रश्नांची उत्तरं प्रत्येकी दोन ओळींत लिहिता आली, तर तुमची ‘पद्धत’ या प्रकरणाची निम्मी तयारी झाली असं समजा. नाही आली, तर विषय बदलायची घाई करू नका, तो अरुंद करा. ‘फूट ड्रॉपचे रुग्ण’ ऐवजी ‘गुडघ्याजवळ पेरोनिअल नस दबलेले, लक्षणं सुरू होऊन तीन महिन्यांच्या आतले रुग्ण’ असं लिहून बघा. रुग्ण कमी मिळतील, हे खरं. पण जे उत्तर मिळेल ते कोणाबद्दल आहे, हे तुम्हाला नेमकं सांगता येईल.